आवाज बंद केलेला खेळ

आमच्या कॉलेजात जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा प्राचार्यांनी भर मीटिंगमध्ये माझ्याकडं बोट केलं. "यशपाल सरांनी बारावीत असताना गेम केलाय. तो पहिल्या टेबलावर पाहिजे."

मी बेळगावात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. तो खेळ म्हणजे माझी ओळख. १९९९ साली निपाणीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये तो तयार झाला आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला आला. खेळ साधाच होता. निपाणीहून बस सुटायची, संकेश्वर, हत्तरगी असे थांबे घेत, प्रवासी भरत वेळेत बेळगावला पोचवायची.

फाइल मी फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून पेनड्राइव्हवर घेत जपून ठेवली होती. ती माझ्या मुलीला, अक्षराला दिली. ती कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या लॅपटॉपवर असले खेळ सरळ चालत नाहीत. जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारं एक सॉफ्टवेअर लागतं. तिनं ते टाकलं, बस पडद्यावर आली, खाली 'निर्माता : यशपाल' अशी अक्षरं आली. तिनं सहज सेटिंगमध्ये जाऊन आवाज चालू केला.

"हा खेळ उ—"

एवढंच आलं आणि पुढं सगळं शांत.

"पप्पा, यात कुणीतरी बोलतंय!"

"फाइल खराब झालीया," मी म्हणालो. "आवाज बंदच ठेव."

फाइल खराब नव्हती. त्या काळी साउंड कार्डाला कॉम्प्युटरला हाक मारायला एक ठरलेला नंबर लागायचा. नंबर जुळला नाही की आवाजाचा पहिला तुकडा वाजायचा आणि पुढचा येतच नसे. आमच्या खेळात तो नंबर पाच होता, अक्षराच्या सॉफ्टवेअरमध्ये सात. एक आकडा बदलायचा होता. मला तो माहीत होता आणि मी गप्प बसलो.

चार दिवस ती त्याच्यामागं होती. कॉलेजातून आली की लॅपटॉप उघडायची, कुठल्या कुठल्या परदेशी लोकांना विचारायची, काहीबाही टाकून बघायची. जेवताना मला म्हणायची, "पप्पा, जरा आठवा की, कार्ड कुठलं होतं?" मी भाताकडं बघत म्हणायचो, "पंचवीस वर्षं झाली गं."

पाचव्या दिवशी संध्याकाळी तिनं माझ्या समोरच सदलग्याला माझ्या बहिणीला फोन लावला. उपासना आक्का तिथं अंगणवाडीत शिकवते. फोन स्पीकरवर होता.

"आत्ती, तूबी त्या क्लासला जायचीस न्हवं? पप्पांच्या गेमचा आवाज अर्ध्यातच थांबतोय."

"पहिला तुकडा येतोय न् मग थांबतंय?" आक्कानं विचारलं.

"व्हय, तसंच."

"मग नंबर चुकलाय. तिथं सात असंल बघ. पाच कर. क्लासातल्या कार्डाला पाच होता, म्हणून खेळातच पाच घालून टाकलावता मी."

"तू घातलावतास?"

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग आक्का म्हणाली, "करून बघ बाई. माझा कुकर लागलाय," आणि फोन ठेवला.

अक्षरानं सातचा पाच केला. माझ्या घरात आक्काचा अठरा वर्षांचा आवाज घुमला. "हा खेळ उपासना यल्लाप्पा आणि यशपाल यल्लाप्पा या बहीणभावांनी केलाय. चला, संकेश्वर, हत्तरगी, बेळगाव, बेळगाव!" मागून तिनंच तोंडानं काढलेली कंडक्टरची घंटी.

अक्षरा पडद्याकडं बघतच नव्हती. "पप्पा, हितं एकच नाव हाय."

मग मी तिला सांगितलं. प्रोग्रॅमचा निम्म्याहून जास्त भाग आक्काचा. आवाज तर सगळे तिचेच. आप्पा, आमचे वडील, तंबाखूच्या वखारीत हमाल होते. दोघांपैकी एकालाच पुढं शिकवणं त्यांना झेपणार होतं, आणि कुणाला ते अजून ठरलं नव्हतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी क्लासात एकटा गेलो आणि पडद्यावरून तिचं नाव काढलं. आवाजात नाव होतं, ते काढता येईना. म्हणून स्पर्धेला एकटाच गेलो आणि तिथं आवाजच बंद ठेवला. परीक्षकांना म्हणालो, आमच्याकडं साउंड कार्ड नाही. पेपरात माझं एकट्याचं नाव छापून आलं. आप्पांनी मला इंजिनिअरिंगला घातलं. पुढच्याच वर्षी आक्काचं लग्न झालं.

अक्षरा रडली नाही की ओरडली नाही. "आणि चार दिवस मला बघत बसलासा," एवढं म्हणाली आणि लॅपटॉप घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सदलगा गाठलं. आक्का सोप्यात बसून तूरडाळ निवडत होती. मी चप्पल काढली आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

"कधीपास्नं?"

"त्याच आठवड्यापास्नं. शेजारची नीलम आलती न्हवं स्पर्धा बघायला? घरी येऊन म्हणाली, तुमच्या बसला आवाजच न्हवता की गं. मग पेपर बघितला."

"मग बोलली का न्हाईस?"

"आप्पा गल्लीभर पेढे वाटत होतं रं. त्या माणसाच्या तोंडाकडं बघून काय बोलायचं?" तिनं एक खडा बाजूला टाकला. "दर जयंतीला तू येतोस, जेवतोस, पोरांना कपडे आणतोस. पहिली काही वर्षं वाटायचं, यंदा बोलंल. मग वाटायचंबी थांबलं."

"आक्का, माफ कर मला."

"ते आज लगेच न्हाय व्हायचं," ती शांतपणे म्हणाली. "बस, चहा ठेवते."

प्रदर्शनाला मात्र ती आली. पडद्यावर आता दोन नावं होती, तिचं आधी. ते बदल अक्षरानं केले, मला विचारलं नाही. प्राचार्यांनी माझ्या हाती माइक दिला. मी म्हणालो की हा खेळ मुख्यतः माझ्या बहिणीचा आहे. टाळ्या पडल्या. "बघा, केवढं मोठं मन!" प्राचार्य म्हणाले, "बहिणीला श्रेय देतायत."

तिथंच थांबलो असतो तर निभावलं असतं. पुन्हा एकदा लोकांनी मलाच चांगलं म्हटलं असतं. तिसऱ्या रांगेत आक्का मांडीवरची पर्स धरून खाली बघत होती.

"मोठं मन न्हाय सर," मी म्हणालो. "तिचं नाव मी काढलं होतं. स्पर्धेसाठी. त्या बक्षिसावर मी शिकलो, आणि ती घरी राहिली."

समोर माझे विद्यार्थी बसले होते, त्यातल्या एकानं नजर चुकवली. प्राचार्यांनी माइक माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. खुर्चीपर्यंतची दहा पावलं मला संपता संपेनात.

चहाच्या वेळी माझ्याजवळ फारसं कुणी आलं नाही. पहिल्या टेबलाभोवती मात्र पोरींचा घोळका होता आणि मध्ये आक्का उभी होती. एक मुलगी विचारत होती, "मॅडम, बसचा ब्रेक कसा रेकॉर्ड केला?" आक्का हात हलवून सांगत होती, "ब्रेक कुठला गं, क्लासातल्या लोखंडी खुर्चीचा पाय फरशीवर ओढला."

मी लांबूनच ऐकत राहिलो. जवळ जायचं धाडस झालं नाही.