डाव्या हाताची पाटली

अक्काताईनं भाकरीचा तुकडा दह्यात बुडवायच्या आत सुनेनं, शिवलीलानं, पुढ्यातनं वाटीच उचलली.

"अव्वा, वैद्यांनी काय सांगितलंय? आंबट बंद. दही न्हाय, चिंच न्हाय, वांगं न्हाय."

"मग खायाचं काय, तुझं डोस्कं?"

"मूग."

संधिवातानं म्हातारीची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी झाली होती. मनगटं फुगून दोन्ही हातांतल्या सोन्याच्या पाटल्या मांसात रुतल्या होत्या. नवऱ्यानं हौसेनं गुजरीतल्या सराफाकडनं आणलेल्या त्या. आपल्या माघारी गडहिंग्लजच्या लेकीला द्यायच्या, असं तिनं गेल्या दिवाळीत चारचौघांत सांगून टाकलं होतं. तेव्हा शिवलीला मान खाली घालून गहू निवडत राहिली होती.

मग हे पथ्य निघालं. मूग, दुधी, अळणी भाकरी. वर रोज दुपारी शिवलीला तेल घेऊन सासूचे हात चोळायची. मनगटापासनं बोटांकडं, पाटली पुढं सारत सारत. रक्त फिराय पायजे, म्हणायची. आणि सूज उतरली, हे खरं. सकाळची मूठ मिटायला लागली. म्हातारीनं आपल्या हातानं वेणी घातली आणि शेजारच्या तानाबाईला बोलवून दाखवली. पीसीओवर जाऊन लेकीला ऐकवलं, की पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं सून करते माझं.

एका दुपारी साबणाच्या फेसातनं उजवी पाटली सुटली. शिवलीलानं ती पदराला पुसली, कपाटात ठेवते म्हणाली. हात कसा हलका झाला म्हणून म्हातारीनं तिच्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली. बोटं मोडता येतात, याचंच तिला केवढं कौतुक.

दुसऱ्या दिवशी ती पाण्यासाठी उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच थांबली. आत तिचा ल्योक, वीरेश, जेवत होता.

"दुसरी कवा निघायची?"

"डाव्या हाताला अजून आठ दिवस मूग," शिवलीला म्हणाली. "मग खाऊ दे की तिला काय खायाचं ते."

वीरेशनं ताक मागितलं.

म्हातारी पाणी न पिताच वळली. घरात न थांबता तानाबाईकडं गेली.

आठवड्यानं शिवलीला फेसाचं भांडं घेऊन बसली. सासूचा डावा हात तिनं मांडीवर घेतला आणि बघतच राहिली. मनगट टम्म, बोटं लालभडक. तिनं तरी पाटली रेटलीच. अक्काताईच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. हात मात्र तिनं मागं घेतला नाही.

"पथ्य मोडलं व्हय, अव्वा?"

"मूगच खातोय की गं," म्हातारी म्हणाली, आणि तोंडातला चिंचोका तिनं जिभेनं दुसऱ्या गालात सारला.