पहिल्या गोणीचे वजन

मित्रांनो, मला हात लावून पाहिलात तर मी थंड लागेन. मी एक जुना ताणकाटा आहे. पितळी तोंड, त्यावर एक सुई, आत स्प्रिंग, वर कडी आणि खाली हूक, एवढाच माझा देह. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याची मला अजून खात्री नाही. काट्याने वजन सांगावे, गोष्टी सांगू नयेत, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड तार तापवून, गुंडाळून, पुन्हा थंड करून माझी स्प्रिंग बनली. चष्मा लावलेल्या एका कारागिराने मला पाच, दहा, वीस, पन्नास किलोंची वजने एकामागून एक लावली आणि माझ्या तोंडावर बारीक रेघा ओढल्या. शेवटी त्याने मला रिकामे टांगले. सुई शून्यावर येऊन थांबली. "शहाणा आहेस," तो म्हणाला. माझी झालेली ती पहिली स्तुती. तेव्हा मला काहीतरी वाटले होते. काय वाटले होते, ते आता आठवत नाही.

दुकानातून मला घेऊन गेले ते दाजी. खरे तर ते एकाच माणसाचे दाजी होते. पण तो माणूस दिवसभर कामावर "दाजी, दाजी" करीत असे, म्हणून सगळे मजूरही त्यांना दाजीच म्हणू लागले. दाजींचे काम पाडकामाच्या राडारोड्याचा अंदाज काढण्याचे. तुमच्या शाळेतल्या किंवा दवाखान्यातल्या काही भिंती बोटाने वाजवून पाहा. पोकळ आवाज आला, तर ती विटांची भिंत नाही. दोन जाड कागदांच्या मध्ये पांढरा जिप्सम दाबून त्याचे तक्ते करतात आणि ते लोखंडी पट्ट्यांवर ठोकून भिंत उभी करतात. नवीन मालक आला की अशी भिंत पाडतात. तुकडे गोण्यांत भरून गावाबाहेरच्या मैदानावर टाकायला नेतात. किती वजन होणार, ते आधीच सांगावे लागते. तेवढ्या ताकदीची गाडी आणायची असते.

दाजी भिंतीवर बोटाची पेरे वाजवीत, टेप लावीत आणि पुटपुटत. "भिंतीला दोन तोंडं असतात, एक मोजून चालत नाही," असे ते नव्या मजुरांना सांगत. लांबी गुणिले उंची, गुणिले दोन, वजा दारेखिडक्या. एका चौरस मीटर तक्त्याचे साधारण नऊ किलो. हा कागदावरचा अंदाज झाला. तो पक्का करायला पहिली भरलेली गोणी ते मला लावीत. तिचे वजन गुणिले गोण्यांची संख्या. काटा एकदाच लावायचा, हा त्यांचा नियम होता. पुन्हा पुन्हा लावणाऱ्याचा स्वतःच्या अंदाजावर भरवसा नसतो, असे त्यांचे म्हणणे.

मैदानाच्या फाटकावर जमिनीत बसवलेला एक मोठा काटा आहे. तो आमच्या घराण्यातला थोरला. अख्खी गाडी अंगावर घेतो. दाजींचा आकडा आणि थोरल्याचा आकडा यांत वर्षानुवर्षे फारसा फरक पडला नाही. मजूर तोंडात बोटे घालीत. दाजी मला फडक्याने पुसून टांगून ठेवीत.

आता तो एक माणूस. दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. काडीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. गाडी तोच चालवी आणि गोण्याही उचली. मेहुणा तो मेहुणाच. दाजींना डिवचल्याशिवाय त्याला पाणी गोड लागत नसे. प्रत्येक कामावर पहिली गोणी खांद्यावर घेतली की तो गुडघ्यात वाकायचा आणि ओरडायचा, "दाजी, जड आहे हो! काटा पुन्हा लावा!"

"तुझ्या अंगात जीव नाही, म्हणून जड आहे."

"ताईला सांगतो. म्हणतो, तुझा नवरा मला भिंतीखाली घालून मारतोय."

"सांग. ती म्हणेल, भिंत नीट आहे ना?"

मग दोघेही हसत. हे रोजचेच होते. गोणी दहा किलोंची असो की तीस, पैलवानाला ती जडच.

त्या दिवशी एका कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर काम होते. बाहेरची एक खोली, आतल्या दोन. पहिली गोणी बाहेरच्या खोलीत भरली. मी वीस किलो सांगितले. गोण्या झाल्या बासष्ट. दाजींनी कागदावर लिहिले, बाराशे चाळीस. गाडी पंधराशे किलोंची होती. भागले.

आतल्या खोल्यांच्या छताजवळचा नळ काही आठवड्यांपूर्वी फुटला होता. कागद वरून वाळला होता, रंगही कोरडा दिसत होता. पण आतला जिप्सम पाणी धरून बसतो. मित्रांनो, भिजलेला तक्ता जवळजवळ दुप्पट भरतो. मला हे ठाऊक नव्हते. मला त्या खोलीत कोणी नेलेच नाही. मी बाहेरच्या खोलीत खिळ्याला होतो.

आतून गोणी घेऊन पैलवान बाहेर आला. "दाजी, ही जड आहे."

दाजी लोखंडी पट्ट्या मोजत होते. "तुझ्या अंगात जीव नाही."

तो दुसरी घेऊन आला. या वेळी तो गुडघ्यात वाकला नाही. "दाजी, खरंच जड आहे. काटा लावा ना एकदा."

"ताईला सांग," दाजी म्हणाले आणि हसले. बाकीचे मजूरही हसले.

पैलवान माझ्या खिळ्याकडे क्षणभर बघत उभा राहिला. मग तोही हसला, आणि जिना उतरून गेला. मला हाक मारता येत नाही. मारता आली असती, तर मारली असती का, तेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दाजींचा नियम तो माझा नियम होता.

गोण्या गाडीत चढवून झाल्यावर पैलवानाने मला आपल्या सीटमागे अडकवले आणि तो निघाला. दाजी जागा झाडून घ्यायला मागे राहिले. मैदानाच्या वाटेवर एक लांब उतार आहे. उतारावर माझा हूक पुढे झुकला आणि तसाच राहिला. पैलवानाने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, उभा राहून दाबला. पुढे रस्त्यावर माणसे होती. त्याने गाडी डावीकडच्या दगडी भिंतीवर घातली. मग सगळे शांत झाले आणि गाडीत पांढरी धूळ पसरली. एवढेच. याहून मोठ्या आवाजात मला ते सांगता येत नाही.

रस्त्यावरच्या कोणालाही लागले नाही. पैलवानाचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. गोण्या दुसऱ्या दिवशी मोठ्या गाडीने नेल्या, तेव्हा फाटकावरच्या थोरल्याने आकडा सांगितला. अठराशे ऐंशी.

मी खोटे बोललो नव्हतो. वीस म्हणजे वीसच होते. मला एका गोणीबद्दल विचारले, मी एका गोणीबद्दल सांगितले. हे मी स्वतःला पुष्कळदा ऐकवले आहे. त्याने फरक पडत नाही.

कोणीतरी मला पैलवानाच्या चपलांबरोबर एका पिशवीत घालून ताईकडे आणून दिले. चपला तिने धुऊन ठेवल्या. मला स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगले, आणि माझ्या हुकाला रिकामी पिशवी अडकवली. पिशवी तशीच राहिली. माझ्यावर तेलकट धूळ बसली. दाजी कामावर जाईनासे झाले. खुर्चीत बसत, वाचायला पेपर घेत आणि पान उलटत नसत. ताईने एकदा विचारले, "अहो, पाच माणसं जेवायला आहेत. बटाटे किती आणू?"

"मला काय विचारतेस?" दाजी म्हणाले.

"मग कोणाला विचारू? भिंतीला?"

दाजींनी पेपर तोंडासमोर धरला. ताई जिना उतरून गेली. बटाटे फारच जास्त आणले होते.

पाच महिन्यांनी दुपारी पैलवान आला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात वाळूची कापडी पिशवी. तो खुर्चीत बसला, पाय पुढे सरकवला.

"दाजी, काटा काढा."

दाजी जागचे हलले नाहीत.

"दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी सांगितलंय. पायाला दोन किलो बांधून रोज उचलायचं. कमी बांधलं तर उपयोग नाही, जास्त बांधलं तर जुळलेलं हाड सुटेल."

"दुकानात वजन करून घे."

"घेतलं असतं. पण ताई म्हणाली, घरी काटा आहे आणि काट्याचा माणूसही आहे."

दाजी उठले. त्यांनी माझ्या हुकावरची पिशवी काढली, मला फडक्याने पुसले. मग त्यांनी असे काही केले, जे इतक्या वर्षांत कधी केले नव्हते. त्यांनी मला रिकामे धरले आणि माझ्या तोंडाकडे पाहिले. सुई शून्यावर नव्हती. गाडी आदळली तेव्हापासून माझी स्प्रिंग थोडी ताणलेली आहे. रिकामा असलो तरी मी पाव किलो दाखवतो.

"पाव जास्त दाखवतोय," दाजी पुटपुटले. त्यांनी पिशवी लावली. सुई पावणेतीनवर गेली. पाव वजा केला, मूठभर वाळू काढली. पुन्हा लावले. चिमूटभर काढली. पुन्हा.

"दाजी, तिसऱ्यांदा लावताय," पैलवान म्हणाला.

"चौथ्यांदाही लावीन."

चौथ्यांदा सुई सव्वादोनवर थांबली. दाजींनी जमिनीवर बसून पिशवी त्याच्या घोट्याला बांधली. पैलवानाने दात आवळले. टाच फरशीवरून वीतभर उचलली गेली आणि थरथरत तिथेच राहिली.

"जड आहे का?" दाजींनी विचारले. हा प्रश्न त्यांनी त्याला आजवर कधी विचारला नव्हता.

पैलवान आपल्या पायाकडे बघत होता. "कळत नाही, दाजी. गुडघ्याखाली बधिर आहे. जड, हलकं, काहीच कळत नाही. तुम्हीच सांगा."

दाजींचा हात पिशवीवर होता. गाठ पुन्हा चाचपून ते म्हणाले, "दोन किलो आहे. दोनच."

आता दाजी रोज दुपारी मला खिळ्यावरून काढतात. आधी रिकामे धरतात, मग पिशवी लावतात. वाळू तीच असते, तरी लावतात. बाई सांगतील तेव्हा अडीच करतील. ताई दाराआडून बघते आणि आत जाते.

मित्रांनो, मला पुसले नाही तरी चालेल. गंज चढला तरी मला कळणार नाही. मागणे आहे ते एवढेच. तुमच्यातला कोणी "हे जड आहे" म्हणाला, तर काटा पुन्हा लावा. तो रोज तेच म्हणत असला, सगळे हसत असले, तरी लावा. आणि त्याआधी काटा रिकामा धरून एकदा बघा. मी अजूनही पाव किलो जास्त दाखवतो.