आळंदी रस्ता, पुणे

मच्छिंद्रच्या स्कूटरला वेगाचं चलन आलं, हे बिबवेवाडीत कुणालाच पटेना. पटणार तरी कसं? या माणसाची गाडी तीसच्या वर गेलेली कुणी पाहिलेली नाही. सातारा रस्त्यावर रिक्षावाले मागून हॉर्न वाजवून वाजवून दमतात, पीएमटीचा ड्रायव्हर खिडकीतून मान काढून बोलायचं ते बोलून घेतो, आणि हा आपला डाव्या कडेनं, वरातीत चालल्यासारखा. शकूला कळा सुरू झाल्या होत्या तेव्हा त्याच्या मित्राची जीप मागून आणली होती, ती चालवायला हाच बसला आणि तीही त्यानं तीसनंच नेली. "खड्डे आहेत, शकू," म्हणाला. थोरली दवाखान्याच्या पायरीवर व्हायची ती थोडक्यात वाचली.

आणि चलन म्हणे ताशी अडुसष्टचं!

ते आलं शकूच्या मोबाइलवर, कारण गाडी तिच्या नावावर. आपल्याकडं हे असतंच. जमीन सासऱ्याच्या नावावर, फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, आणि बायकोच्या नावावर काय, तर स्कूटर. शोरूममध्ये हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, किल्ली शकूच्या हातात देऊन फोटो काढला, आणि फोटो निघाल्यावर मच्छिंद्रनं किल्ली परत घेतली. ती आजतागायत त्याच्याच खिशात आहे. शकूला गाडी शिकवावी असं त्याच्या कधी मनात आलं नाही, आणि तिनंही कधी म्हटलं नाही.

दुपारची भांडी आवरून ती जरा टेकली होती. मेसेज उघडला, त्यातलं चलन उघडलं, त्यातला फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. नंबर आपलाच. पाठ आपल्याच माणसाची. निळ्या चौकड्यांचा शर्ट, तिनंच लक्ष्मी रोडवर उन्हातान्हात फिरून आणलेला, आणि वाऱ्यानं फुगलेला. मागं कुणी बसलेलं नव्हतं, तेवढं तिनं आधी बघून घेतलं. बाकी एक दुभाजक आणि एक झाड. असा दुभाजक आणि असं झाड पुण्यात कुठंही सापडेल. खाली सोमवारची तारीख आणि ठिकाण लिहिलं होतं, आळंदी रस्ता, पुणे. बस्स, संपलं.

शकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण आळंदी रस्ता म्हणजे विश्रांतवाडी, आणि विश्रांतवाडी म्हणजे वासंती.

आता ही वासंती कोण, तर मच्छिंद्रला शकूच्या आधी सांगून आलेली मुलगी. नुसती सांगून आलेली नाही, पसंत केलेली. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. मच्छिंद्रचे वडील गेनबा मानपानावरून अडून बसले, वासंतीकडचेही लोक अडून बसले, आणि भरल्या ताटावरून दोन्हीकडची माणसं उठली. मच्छिंद्र एक शब्द बोलला नाही. त्याच उन्हाळ्यात कात्रजच्या शकूशी त्याचं लग्न लागलं. हे सगळं शकूला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या नणंदेनं, प्रेमलानं सांगितलं. नणंदेला काय, सांगायला मजा वाटली असेल. पुढं वासंती लग्न होऊन विश्रांतवाडीला गेली, आळंदी रस्त्यावर तिनं मसाल्याचं दुकान टाकलं, ते चांगलं चालतं, हेही प्रेमलानंच सांगितलं. शकूनं ते दुकान कधी पाहिलं नव्हतं. विश्रांतवाडीकडं जायचं म्हटलं की तिचं डोकं दुखायचं.

संध्याकाळी मच्छिंद्र दुकान बंद करून आला. त्याचं बिबवेवाडीत इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. शकूनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"अहो, सोमवारी कुठं गेला होतात?"

"दिघीला. माल पोचवायला. दर सोमवारी जातोच की."

"मग गाडी का पळवलीत?"

मच्छिंद्रचा घास हातातच राहिला. तिनं मोबाइल समोर धरला. त्यानं बघितलं, आणि परत ताटात बघितलं.

"असंल," म्हणाला. "भरून टाक ना. मिटवून टाकू."

बघा हं. हा माणूस सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट दिलं म्हणून किराणावाल्याशी अर्धा तास भांडलेला. पार्किंगच्या पावतीवर वेळ चुकीची पडली म्हणून तिथल्या माणसाला चौकात उभा करून वाचून दाखवणारा. आणि हा म्हणतो भरून टाक! दंड भरायला एवढ्या गोडीनं तयार झालेला पुणेकर शकूनं जन्मात पाहिला नव्हता, आणि तो नेमका तिच्याच घरात निघाला.

रात्रभर ती जागीच होती. तो तिकडं गेला, याचं तिला तितकंसं वाटत नव्हतं. पुरुष आहे, व्यापार आहे, दिघीचा रस्ताच तिकडून आहे. पण घाई? माझ्या कळांना याला घाई नव्हती. माझ्या आईला शेवटचं बघायला निघालो तेव्हा कात्रजपर्यंत हा माणूस तीसनं गेला, आणि आम्ही पोचलो तेव्हा आईचे डोळे मिटलेले होते. तेव्हा मी काही बोलले नाही, म्हटलं स्वभाव आहे. आणि स्वभाव असा की तो आळंदी रस्त्याला बदलतो!

सकाळी उठून तिनं जाहीर केलं, दंड भरायचा नाही.

"आळंदी रस्ता म्हणजे नक्की कुठं? एवढा लांब रस्ता. आधी ठिकाण सांगा म्हणावं, मग दंड मागा."

"कशाला उगाच ताणतेस, शकू?"

"गाडी माझ्या नावावर आहे. गुन्हा माझ्या नावावर पडतोय. मला कळायला नको, मी कुठं केला?"

मच्छिंद्रचा चेहरा पडला. तो पडलेला बघून शकूला आणखी चेव आला. तिला एकच गोष्ट हवी होती, ती जागा. कुठल्या घरापाशी, कुठल्या दुकानापाशी, जाताना की येताना. एकदा ते कळलं की ती त्याच्या तोंडावर मारणार होती आणि मग काय व्हायचं ते होऊ दे.

वाहतुकीच्या ऑफिसात तक्रारीची वेगळी खिडकी होती. खिडकीवर पाटी, येथे वाकून बोलू नये. शकू ताठ उभी राहून बोलली.

"ठिकाण नीट दिलेलं नाही."

"वेग मान्य आहे?" आतल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"वेगाचं मी घरी बघून घेईन. तुम्ही ठिकाण सांगा."

"आळंदी रस्ता लिहिलंय की, बाई."

"आळंदी रस्ता आळंदीपर्यंत जातो. त्यात कुठं? तुम्ही तुमच्या घरचा पत्ता नुसता पुणे म्हणून देता का?"

आता साहेबांनी मान वर केली. "गाडी कोण चालवत होतं?"

"आमचे हे."

"मग त्यांनाच विचारा ना, कुठं होते."

"त्यांना विचारून कळलं असतं तर तुमच्या खिडकीवर कशाला आले असते?"

साहेब तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग त्यांचा आवाज उतरला. म्हणाले, कॅमेरा फिरत्या गाडीतला आहे, त्या दिवशी ती गाडी कुठं कुठं उभी होती ते काढावं लागेल, लेखी अर्ज द्या. शकूनं तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला.

मग तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. सोसायटीत बातमी पसरली. वहिनी हक्कासाठी भांडतेय म्हणून प्रेमला फोनवर कौतुक करायला लागली, आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जिन्यात थांबवून म्हणाले, नागरिक असावा तर असा. शकू हं हं करत वर निघून जायची. नागरिक! इथं जीव जळत होता. आरशापुढं उभी राहिली की तिला आपल्या शेजारी वासंती दिसायची, आणि तीसुद्धा पंचवीस वर्षांपूर्वीचीच, एका दिवसानंही मोठी न झालेली. जेवणात मसाला कमी पडला का, असं तिनं एकदा मच्छिंद्रला विचारलं आणि तो नाही म्हणाला तरी तिला राग आला.

आणि एक दिवस निकाल आला. ठिकाण अस्पष्ट, सबब चलन रद्द.

शकू तडक खिडकीवर गेली.

"हे काय केलंत?"

"जिंकलात की, बाई," साहेब हसून म्हणाले. "तुमचं म्हणणं बरोबर होतं. कॅमेऱ्याची गाडी त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी उभी होती, नक्की कुठलं ते लागत नाही. नोंद काढून टाकली."

"मला रद्द नको होतं. मला ठिकाण पाहिजे होतं."

"आता दंडच नाही तर ठिकाण कसलं?"

"मी दंड भरते. दुप्पट भरते. तुम्ही ठिकाण सांगा."

साहेबांच्या नोकरीत असं मागणं पहिल्यांदाच आलं असावं. मागच्या माणसानं घसा खाकरला, तेव्हा शकू बाजूला झाली.

घरी मच्छिंद्रनं जिलबी आणून ठेवली होती. "बघ, मिटलं का नाय?" म्हणाला, आणि चार घास जास्त जेवला. त्याच्या तोंडावरची ती सुटका शकूला बघवेना. जिलबीला तिनं हात लावला नाही.

सोमवारी सकाळी तो वायरची भेंडोळी गाडीच्या पुढं ठेवत होता, तेवढ्यात ती साडी बदलून खाली आली आणि मागच्या सीटवर बसली.

"कुठं निघालीस?"

"दिघीला. तुमच्याबरोबर."

"डोकं दुखंल तुझं."

"दुखू दे."

त्याच्यापुढं इलाज नव्हता. निघाले. तीसनं. येरवडा आलं, मागं पडलं. रिक्षा पुढं गेल्या, बसेस पुढं गेल्या, एक पाववाला सायकलवर पाव घेऊन आरामात पुढं गेला. शकू त्याच्या खांद्यावरून काट्याकडं बघत बसली होती. काटा तीसवर चिकटवल्यासारखा. तिला वाटलं, आपणच वेड्या झालो, मशीनच चुकलं असेल.

विश्रांतवाडीचा चौक ओलांडला आणि मच्छिंद्रचं उजवं मनगट हळूच पिळलं.

काटा चाळीसवर गेला. पन्नासवर गेला. शकूनं त्याला घट्ट धरलं. मच्छिंद्र समोर बघत होता, मान ताठ, ना उजवीकडं ना डावीकडं, आणि त्याचा शर्ट वाऱ्यानं फुगून तिच्या तोंडावर येत होता. काटा साठच्या पुढं गेला तेव्हा डाव्या हाताला एक लाल पाटी झपकन येऊन गेली. वासंती मसाले. गेली, आणि काटा उतरायला लागला. पुढचा बसथांबा येईपर्यंत गाडी पुन्हा तीसवर, पुन्हा डाव्या कडेला. आपण काही केलं हे त्याला कळलंही नसावं.

ऑफिसातल्या साहेबांना जे सापडलं नव्हतं ते शकूला सापडलं. हा माणूस तिथं जायला घाई करत नव्हता. तिथून निघून जायला करत होता. दर सोमवारी, वर्षानुवर्षं. कधी थांबला नाही, कधी वळून बघितलं नाही, आणि पंचवीस वर्षांनी अजून त्याला त्या दारावरून सावकाश जाता येत नव्हतं.

तिचे डोळे भरून आले. थांबत असता तर बरं झालं असतं. थांबला असता, मसाला घेतला असता, दोन शब्द बोलला असता, तर ती कडकडून भांडली असती आणि विषय मिटला असता. यावरून ती काय म्हणून भांडणार होती?

"गाडी वळवा," ती म्हणाली.

"आता काय राहिलं?"

"वळवा. आणि मागच्या चौकातनं परत या. त्या दुकानावरनं तीसनं जायचं."

मच्छिंद्रनं आरशात तिच्याकडं बघितलं. कुठलं दुकान, असं त्यानं विचारलं नाही. गाडी वळवली, मागच्या चौकापर्यंत गेला, पुन्हा वळला. त्याचा हात हँडलवर घामेजलेला तिला दिसत होता. शकूनं मागून त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला.

तीस. लाल पाटी लांबून दिसली, मोठी झाली. दुकानाच्या तोंडाशी मिरच्यांची पोती, आणि गल्ल्यामागं एक बाई उभी. डोक्यावर पांढरे केस, नाकावर चष्मा, हातात मसाल्याचा डाव. गिऱ्हाइकाच्या पिशवीत भरत होती. सुंदर वगैरे काही नाही, चारचौघींसारखी. शकूच्या मनावरचं ओझं उतरायला लागलं.

तेवढ्यात त्या बाईनं सहज रस्त्याकडं बघितलं. हातातला डाव होता तिथंच राहिला. ती हसली नाही, कपाळाला आठी नाही, काही नाही. शकूकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. गिऱ्हाईक पिशवी पुढं धरून उभं होतं.

शकूच्या हाताखाली मच्छिंद्रचं मनगट अजिबात हललं नाही. तीसनं जायचं सांगितलं होतं, तो तीसनं चालला होता. आणि तीसनं तो रस्ता संपता संपेना.

"जोरात घ्या," शकू म्हणाली.

"काय?"

"अहो, घ्या ना जोरात."

"अगं, चलन येईल."

"येऊ द्या," ती म्हणाली, आणि त्याचं मनगट तिनंच पिळलं. "माझ्याच नावावर येतंय."