बग्ग्याचं बिनमिठाचं जेवण

भाकरीच्या काठावर दातांच्या चार खुणा होत्या. दोन खोल, दोन नुसत्या टेकलेल्या, आणि मधे बोटभर जागा कोरी. भाकरी मक्याची, सकाळची, कडेला पाऊण सेंटिमीटर जाड. ज्याने ती तोंडात धरली होती त्याने ती मोडायचा प्रयत्न केला होता आणि मग अलगद खाली ठेवली होती. लाळ अजून सुकली नव्हती.

“तीन दिवस झाले,” फेरूचाचा म्हणाले. “तोंडात घेतो, माझ्याकडे बघतो, ठेवून देतो. जशी काही भाकरी मीच बिघडवली.”

बग्गा त्यांच्या पायाशी उन्हात पडला होता. पांढरा, मानेभोवती दाट केसांचा, गळ्यात बिबट्यापासून मान वाचवणारा खिळ्यांचा लोखंडी पट्टा. मी त्याचा ओठ वर केला. डावीकडची मोठी दाढ उभी चिरली होती, उजवीकडची हलत होती. पुढचे दोन दात कधीच गेले होते. लघवी तपासली, तर मूत्रपिंडंही थकायला लागलेली. वय अकरा. आमच्याकडच्या कळपाच्या कुत्र्याला हे वय म्हणजे पुष्कळ झालं.

“त्याला मऊ लागेल आता,” मी म्हणाले. “तांदळाच्या कण्या शिजवून, त्यात अंडं, थोडा भोपळा. आणि मीठ अजिबात नाही.”

“अजिबात?”

“चिमूटभरही नाही.”

चाचांनी नदीच्या बाजूला पाहिलं. खाली रावीवर धुकं होतं, आणि त्या धुक्यात कुठेतरी मेंढ्या चालत असाव्यात. घंटा ऐकू येत होत्या, मेंढ्या दिसत नव्हत्या.

“चव कशी लागेल?” त्यांनी विचारलं.

“त्याला चालेल, चाचा.”

“हं,” ते म्हणाले.

कळप खिंडीकडे निघायला एकोणीस दिवस होते. हिवाळ्यात खाली कांगड्याच्या टेकड्यांवर, वसंतात इथे गावात, आणि जेठ सरता सरता बर्फाची खिंड ओलांडून पलीकडे लाहौलच्या कुरणांवर, हा कळपाचा फेरा. चाचांनी असे पंचावन्न उन्हाळे काढले होते. शेवटचे दहा बग्ग्याबरोबर. पण खिंडीच्या वाटेवर लाकूड पाठीवर न्यावं लागतं. तिथे तासभर पातेलं चढवून बसता येत नाही. भाकरी भाजायची, ताकात बुडवायची, चालू लागायचं. ज्याला भाकरी चाववत नाही त्याला वर काही खायला नाही.

हे चाचांना माझ्याहून जास्त माहीत होतं. त्यांचा मुलगा केहर रोज येऊन विचारायचा, “ठरलं का, बापू? बग्गा येणार की मी चिमीला तयार करू?” चिमी म्हणजे दोन वर्षांची काळी कुत्री, धीट, पण खिंड न पाहिलेली.

“जेवणाचं जमू दे,” चाचा म्हणायचे. “मग ठरवू.”

एकदा केहरने खालच्या बाजारातून तयार खाण्याचं पोतं आणलं. कोरडे तपकिरी गोळे. शिजवायला नको, खेचरावर टाकलं की झालं. विचार वाईट नव्हता. गरम पाण्यात भिजवले तर मऊही होतात, असं मी सांगितलं. चाचांनी एक गोळा उचलला, हुंगला आणि तोंडात टाकला. आम्ही दोघं बघत राहिलो. ते बराच वेळ तो या गालातून त्या गालात फिरवत होते.

“खडू,” ते शेवटी म्हणाले. “खडू आणि जुनी लोकर.”

“बापू, ते कुत्र्याला द्यायचंय,” केहर म्हणाला. “तुमचा नैवेद्य नाही.”

“माझ्या पातेल्यात हे येणार नाही.”

“मग मांस द्या. हाडाचा रस तरी.”

चाचांनी पोत्याचं तोंड बांधून टाकलं. ज्यांची राखण करायची त्यांची चव कुत्र्याच्या तोंडाला लागू द्यायची नाही, हे केहरलाही ठाऊक होतं. तो नुसता चिडवत होता.

शेवटी कण्याच ठरल्या. मी कागदावर माप लिहून दिलं: सकाळी इतकं, संध्याकाळी इतकं, अंडी दोन, मीठ शून्य. शून्याभोवती गोल काढला.

मग मी जनावरांच्या दवाखान्यातून घरी जाताना रोज तिथे थांबू लागले. अंगणात चूल, चुलीवर पातेलं, वाफ सरळ वर जायची आणि देवदारांच्या उंचीला पोचली की हलकेच उत्तरेला वळायची, जणू तिलाही खिंडीची वाट माहीत होती. बग्गा जेवून झोपायचा आणि झोपेत पळायचा. पंजे हलायचे, आधी सावकाश, मग भरभर. चाचा चोळ्याच्या, त्या लोकरीच्या घोळदार अंगरख्याच्या, खिशात हात घालून त्या पंजांकडे बघायचे.

“आता ओढा ओलांडतोय,” ते म्हणायचे. “बघ, मागचा पाय झटकला. पाणी गार आहे.”

“आणि आता?”

“आता भूर्जाच्या बनात. इथे तो नेहमी थांबतो. कुणी मागे राहिलं का बघतो.”

मी शास्त्र शिकलेली बाई. झोपेत मेंदू काय करतो ते मला थोडंफार माहीत आहे. पण त्या उन्हात, घंटांच्या आवाजात, मलाही पाण्याचा वास यायचा. एकदा तर मी दगडावर बसल्या बसल्या डुलकी घेतली, आणि जागी झाले तेव्हा वाटलं की खूप चालून आलेय आणि माझे मोजे ओले आहेत. ते कोरडे होते. खिंडीच्या वाटेवर मी लहानपणी एकदाच गेले होते, वडिलांच्या चोळ्यात, एका नवजात कोकरासोबत. त्याच्या कानाची ऊब मला आठवते; बाकी काही नाही.

रोज कुत्रा थोडा पुढे जायचा. भूर्जाचं बन, मग मोठा दगड, मग जिथे गवत संपतं ती जागा. खिंडीपाशी पोचायच्या आधी मात्र त्याला जाग यायची.

सोळाव्या दिवशी मी त्याचं वजन केलं. लोकर तोलायचा काटा देवदाराच्या फांदीला टांगला, बग्ग्याला घोंगडीत घातलं. तो झोळीत पाय लोंबकळत, सगळं सहन करत राहिला. सदतीस किलो तीनशे. पहिल्या दिवशी सदतीस होता. माझ्या मापाने दीड किलो तरी वाढायला हवं होतं.

मी पुन्हा हिशोब केला. बरोबर होता. हगवण नव्हती, जंत नव्हते. पातेलं रोज रिकामं होत होतं, अंडी रोज संपत होती.

“चाचा, हा खातो ना सगळं?”

“सगळं कसं खाईल?” ते शांतपणे म्हणाले. “अर्धं माझं असतं.”

मी काट्याची दोरी सोडवत होते. तशीच थांबले.

“तुम्ही हे खाता? इतके दिवस?”

“एक तवा, एक पातेलं,” ते म्हणाले. “तुझ्या बापाने काय वेगळं शिजवलं होतं का कधी? कुत्र्याला वेगळं शिजवलं की तो कळपातला राहत नाही. दारातला होतो.”

हे मला लहानपणापासून माहीत होतं. वडिलांच्या तव्यावरची पहिली भाकरी त्यांची, दुसरी कुत्र्याची, हे मी रोज बघत होते. तरी कागदावर माप लिहिताना मी एकाच तोंडाचा विचार केला होता.

“मीठ तरी घालायचं तुमच्या ताटात.”

“तू चिमूटभरही नको म्हणालीस. वर गोल काढलास.” मग जरा थांबून, “फार वाईट लागतं, डॉक्टरणी. पण तो खातोय तर मला काय झालं?”

मी खाली पाहिलं. ते दगडावर बसले होते, पाय लांब केलेले. त्यांच्या घोट्यावर मोज्याचा वळ असायचा, खोल, करंगळी बसेल एवढा. पायाला सूज आहे, मीठ सोडा, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चार वर्षं सांगितलं होतं, आणि चार वर्षं चाचा लोणच्याची बरणी उशाशी घेऊन झोपत होते. आता वळ उथळ झाला होता. मी अंगठ्याने घोटा दाबला. खळगा पडला, पण लगेच भरून आला.

“तुमच्या दाढा कशा आहेत?” मी विचारलं.

“कोणत्या?” ते म्हणाले, आणि तोंड उघडून दाखवलं. डावीकडे तीन, उजवीकडे एक. ती हलत होती.

मी काटा ठेवायला आत गेले. शिंकाळ्यात भाकऱ्यांचे वाळलेले काठ ठेवलेले दिसले, चैत्रापासूनचे असावेत, मधला भाग खाल्लेला, कडा तशाच. त्यांच्यावरही खुणा होत्या. मी त्या मोजल्या नाहीत.

निघायच्या आदल्या दुपारी मी गेले तेव्हा केहर खेचरावर पिठाची पोती बांधत होता. कळप शेतांच्या पायऱ्यांवर पसरला होता, धुकं वर आलं होतं, आणि मेंढ्या आणि धुकं यांची सीमा सांगता येत नव्हती. बग्गा चुलीशी झोपला होता. पंजे हलत होते.

“कुठे आहे?” मी विचारलं.

“गवत संपलं. बर्फावर आलाय.” चाचा पुढे वाकले होते. “आता सावकाश. इथे श्वास पुरत नाही.”

पंजे खरंच मंद झाले. कुत्र्याच्या बरगड्या उंच उठत होत्या. चिमी येऊन चार पावलांवर बसली. केहरही दोरी हातात धरून उभा राहिला, आणि त्या वेळी घंटाही थांबल्यासारख्या वाटल्या. मग पंजे एकदम सैल झाले. बग्ग्याने लांब उसासा टाकला, शेपटी एकदा जमिनीवर आपटली, आणि तो जागा झाला नाही. तसाच, संथ श्वास घेत शांत झोपून राहिला.

“पोचला,” चाचा म्हणाले.

पातेल्याचं झाकण वाफेने हलत होतं. केहरने हळू आवाजात, या वेळी न चिडवता, विचारलं, “बापू, ठरलं का?”

चाचांनी वाकून बग्ग्याच्या मानेचे केस बाजूला केले आणि पट्ट्याची कडी काढली. खिळ्यांना पांढरी लोकर चिकटली होती; ती त्यांनी बोटांनी एकेक करून सोडवली. मग पट्टा केहरच्या हातात दिला.

“चिमीला घाल,” ते म्हणाले. “भूर्जाच्या बनात तिला थांबायला शिकव. आणि पीठ एका माणसाचं कमी ने. आम्ही दोघं यंदा इथेच राहतोय.”