दारापासून खुर्चीपर्यंत

शून्य मिनिटं

"दार ओढ," ती नवऱ्याला म्हणाली. "कडी वाजली की मोजायला सुरुवात."

घरं दाखवणारा माणूस पायरीवर किल्ल्या खुळखुळवत हसत उभा होता. दोन दिवसांत त्याने त्यांना पाच उपनगरांतली नऊ घरं दाखवली होती, आणि प्रत्येक घरापासून शहर पस्तीस मिनिटांवर होतं. जवळचं पस्तीस, लांबचं पस्तीस, जिथे रस्ता संपून शेतं लागतात तेही पस्तीस. पहिल्याच संध्याकाळी तिने त्याचं नाव पस्तिशा ठेवलं. मुलींनी ते त्याच्यासमोर उच्चारलं नाही एवढंच नशीब.

"बाई, आमच्या एकाही गिऱ्हाइकाने असं मोजलं नाही," पस्तिशा म्हणाला.

"म्हणूनच तुमचा धंदा बरा चाललाय."

नवऱ्याने हसू दाबलं. दार ओढलं. कडी वाजली.

उणे दोन महिने

हे आधीच सांगायला हवं होतं, पण ती आधी घड्याळ चालू करते आणि मग बाकीचं बोलते. तिची सवयच ती.

अकरा वर्षं ती विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायची. कुठे आग लागली, पाणी शिरलं, छत बसलं की कंपनी तिला धाडायची, आणि लोक सांगतात त्यातलं किती खरं हे ती बघून यायची. ऑफिसात तिला भिंगबाई म्हणत. तिचे दोनच नियम होते. सगळ्या घरात एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली तर तिथे नाक लावायचं. आणि ज्याचा फायदा आहे त्याच्या हातात मोजपट्टी द्यायची नाही.

नवऱ्याला या देशात नोकरी लागली. तो दोन महिने आधी आला. ती राजीनामा देऊन, संसार खोक्यांत भरून, दोन मुलींना घेऊन तीन दिवसांपूर्वी उतरली. विमानतळावर अडीच वर्षांच्या धाकटीने बापाकडे नीट पाहिलं. मग त्याच्या खिशातला फोन ओढून काढला आणि त्या काळ्या काचेची पापी घेतली. दोन महिने तिचा बाबा तिथेच राहत होता. सगळे हसले. तीही हसली.

थोरली सहा वर्षांची. तिला बापाने फोनवर कबूल केलं होतं, तिकडे आलात की रोज मीच झोपवणार. मुली साडेसातला झोपतात. तेव्हा प्रश्न एकच होता. साडेसातच्या आत बाप घरात असणार की नाही? अंगण, शाळा, हवा, शेजार, सगळं त्याच्या मागून.

चार मिनिटं

थोरलीचा बूट निघाला.

"हे धरू नकोस," नवरा म्हणाला. "मी रोज वरात घेऊन थोडाच जाणार आहे?"

"मुलींपायी गेलेली मिनिटं मी वजा करीन. मी अन्याय करत नाही."

"माहितेय गं. तुझ्या न्यायाचीच भीती वाटते."

नऊ मिनिटं

मुलांची बाग. चार झोपाळे, घसरगुंडी, नवी कोरी. ती बाबागाडी थांबवून खाली वाकली. झोपाळ्यांखाली लुसलुशीत गवत होतं.

"बघितलंस? पोरं खेळतात तिथे गवत टिकत नाही. माती उघडी पडते."

"नुकतं लावलं असेल."

"आणि त्या घरातली जिन्याची रंगवलेली भिंत?"

"तिथे तू पाच मिनिटं नाक लावून उभी होतीस. आला का वास?"

"नाही आला," ती म्हणाली. "ओलीचा नाही, रंगाचाही नाही. त्याचाच जास्त संशय येतो."

तो हसला. त्याला हे घर हवंच होतं. नऊ घरांत या एकाच घराबद्दल तो पस्तिशाच्या आधी बोलला होता. मुलींना अंगण मिळेल, मुलींना वर स्वतंत्र खोली मिळेल, मुली मोकळ्या हवेत वाढतील. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला मुली. दावा सांगायला आलेली माणसं अशीच आधी लेकरांना पुढे करतात, हे तिला अकरा वर्षांत पाठ झालं होतं. पण तो दावेदार नव्हता, नवरा होता. तिने भिंग पुन्हा पस्तिशाकडे वळवलं. आज त्याने त्यांना मोटारीने थेट दारात आणून सोडलं होतं, स्टेशन दाखवलंच नव्हतं. का बरं?

चौदा मिनिटं

रस्त्याला फाटे फुटले. नवरा जराही न थबकता दोन घरांच्या मधल्या बोळात शिरला. खाली पायऱ्या होत्या. त्याने बाबागाडी पुढून उचलली, तिने मागून.

"ही वाट तुला कशी माहीत?"

"नकाशात बघितली ना."

नकाशा तिनेही बघितला होता. त्यात बोळ नव्हता.

बावीस मिनिटं

स्टेशन. बाहेर कॉफीचा ठेला, आणि ठेल्यामागे चष्मा डोक्यावर चढवलेली एक जाडजूड बाई.

"अरे, शनिवारवाले!" बाई नवऱ्याकडे बघून ओरडली. "आज सोमवारीच? वार चुकला की काय?"

नवरा काही बोलायच्या आत बाईने पेला भरलासुद्धा. "कडक, बिनसाखरेची, झाकण नको. आणि ही लेकरं तुमची होय? एवढं बोलतो आपण, कधी सांगितलं नाहीत!" ती धाकटीकडे बघून गाल फुगवू लागली. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "पहिली गाडी जाऊ देणार ना? नेहमीसारखी?"

"नाही," नवरा म्हणाला. "आज पहिलीच."

पेल्यातली कॉफी त्याच्या बोटांवर सांडली. भाजलं असणार. त्याने हात झटकला नाही.

सत्तावीस मिनिटं

गाडी सुटली. समोरासमोर जागा मिळाली. थोरली खिडकीला नाक लावून खांब मोजत होती, आईचीच मुलगी.

मन चिंती ते वैरी न चिंती. स्टेशनपासून डब्यात बसेपर्यंत तिच्या मनाने त्या उपनगरात एक बाई उभी केली होती, तिला घर दिलं होतं, त्या घराला पडदे लावले होते.

"किती शनिवार?" तिने हळू विचारलं.

"सात."

"मला ऑफिस सांगायचास."

"हो."

"कोण राहतं तिकडे?"

"कोणी नाही."

"खरं सांग. मुलींसमोर मी आरडाओरडा करणार नाही."

"अगं, खरंच कोणी नाही," तो म्हणाला. "तेच तर."

अजून सत्तावीसच

(मधे स्टेशनं गेली. तिने आकडा बघितला नाही.)

पहिल्या शनिवारी तो खरोखर घरं बघायला आला होता. परतताना जलद गाडी चुकली म्हणून मागची धरली, ती दर स्टेशनवर थांबत जाते, बावन्न मिनिटं घेते, आणि निम्मी रिकामी असते. तो खिडकीशी बसला. बावन्न मिनिटं त्याला कोणी हाक मारली नाही. ऑफिसातून नाही, घरातून नाही. लहानपणी सात माणसांच्या घरात, नंतर चौघांच्या वसतिगृहाच्या खोलीत, नंतर संसारात, असं कधी झालंच नव्हतं.

"पुढच्या शनिवारी घर बघायचं निमित्त केलं," तो म्हणाला. "त्याच्या पुढच्या शनिवारी निमित्तही केलं नाही. नुसता आलो, कॉफी प्यायलो, पहिली जाऊ दिली, दुसरीत बसलो."

"शनिवारी सकाळी मुली तुला फोन करायच्या."

त्याने पेला पायाशी ठेवला.

"मी त्यांना सांगायचे, बाबा मीटिंगमधे आहे. थोरली खुर्ची मांडून मीटिंग-मीटिंग खेळायची."

"फोन वाजायचा," तो म्हणाला. "मी उचलायचो नाही. बंद पडायची वाट बघायचो."

खोटं बोलणाऱ्या माणसांची तिला सवय होती. खरं बोलणारा समोर बसला की काय करायचं, हे कंपनीने कधी शिकवलं नव्हतं. बाई असती तर एक वेळ भांडता आलं असतं. रिकाम्या डब्याशी कशी भांडणार?

"म्हणजे अंगण मुलींच्या नावावर," ती म्हणाली, "आणि खिडकी तुझ्या."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. आणि मी दोन दिवस त्या बिचाऱ्या पस्तिशाच्या भिंती हुंगत बसले."

थोरली वळली. "आई, बिचारा का?"

"खांब मोज तू."

बासष्ट मिनिटं

शहर. गाडीला बरोबर पस्तीस मिनिटं लागली होती. पस्तिशा निदान या घराबाबत खरं बोलला होता.

चौऱ्याऐंशी मिनिटं

ऑफिसच्या दारात पहारेकऱ्याने मुलींना आत सोडलं, पण लिफ्टपर्यंतच. मग नवरा एकटा वर गेला आणि तिथून त्याने फोन केला. "बसलो."

तिने घड्याळ थांबवलं. मुलींपायी गेलेली अकरा वजा केली. त्र्याहत्तर. संध्याकाळी सहाला उठला तर सात वाजून तेरा मिनिटांनी घरात. साडेसातला सतरा मिनिटं शिल्लक.

आणि दुसऱ्या गाडीने? बावन्नातून पस्तीस गेले, सतरा उरले. ती लगेच सुटली तरी तो दारात पोहोचेल तेव्हा बरोबर साडेसात वाजलेले असतील आणि आत दिवा मालवलेला असेल.

ती तिथल्या गुळगुळीत बाकावर बसली. सगळं मोजून झालं होतं आणि काहीच कळलं नव्हतं. अंतर जमण्याजोगं होतं. माणूस रोज संध्याकाळी कुठल्या गाडीत चढेल, हे मोजायचं घड्याळ मात्र कुणी काढलेलं नाही.

तो खाली आला. "किती?"

"त्र्याहत्तर."

"मग बसतंय की! सव्वासातला घरी."

"पहिल्या गाडीने."

"मी पहिलीच धरीन."

आग आपोआप लागली म्हणणाऱ्याकडे ती जशी बघायची, तसं तिने त्याच्याकडे बघितलं. "सोमवारी धरशील. मंगळवारीही धरशील. बुधवारी साहेबाने डोकं खाल्लेलं असेल, मग त्या कॉफीवाल्या बाईसारखी कोणीतरी शहरातल्या स्टेशनवरही भेटेल. आणि मी दिवसभर दोन पोरी सांभाळून खिडकीत उभी राहीन, कुठल्या गाडीचे लोक येतायत ते ओळखत."

"माझ्यावर विश्वासच नाही का तुझा?"

"आज सकाळपर्यंत होता."

पलीकडे मुली लिफ्टच्या दारातल्या आपल्याच प्रतिबिंबांना वाकुल्या दाखवत होत्या.

"माझाही माझ्यावर नाही," तो म्हणाला.

हे मात्र तिने कुठल्याही पाहणीत कधी ऐकलं नव्हतं.

"तुला तास हवा होता तर मागायचास," ती म्हणाली. "मी काय नाही म्हटलं असतं? कदाचित म्हटलंही असतं. पण मला एक सांग, माझा तास कुठल्या गाडीत आहे? मी नोकरी सोडली, माझी माणसं सोडली. मला तर स्टेशनसुद्धा माहीत नाही."

खिशातून फोन काढून त्याने पस्तिशाला लावला. ती उठून त्याच्या खांद्याशी जाऊन उभी राहिली. पलीकडे खरंच कोणी बोलतंय का, ते ऐकायला. बोलत होतं.

"ते घर नको आम्हाला," नवरा म्हणाला. "नाही, भिंतीचं काही नाही. ऑफिसपासून चालत जाता येईल असं काही आहे? लहान चालेल. अंगण नको." मग तो ऐकत राहिला. "सायकलींच्या दुकानावर? दोन खोल्या? मागच्या खिडकीतून काय दिसतं? भिंत. बरं. चालत किती? चौदा?"

"मोजल्याशिवाय नाही," ती म्हणाली.

"मोजल्याशिवाय नाही," तो फोनमधे म्हणाला. "माझी बायको येतेय."

"एकटी," ती म्हणाली.

त्याने फोन ठेवला. "म्हणजे?"

"तुझा फायदा आहे त्यात, तोटाही आहे. तू मोजायचं नाहीस." तिने बाबागाडीचा दांडा त्याच्या हातात दिला. "जाऊन यायला तास लागेल. तोवर या दोघी तुझ्या."

"अगं, वर दहाला बैठक आहे माझी!"

"खरंच आहे?"

तो ओशाळला. "आहे गं. खरंच आहे."

"मग कळव त्यांना, मुली आल्यात म्हणून."

ती काचेच्या दारातून बाहेर पडली. मागे धाकटीने भोकाड पसरलं. तिची पावलं अडली, पण ती वळली नाही. कोपऱ्यावर पोहोचल्यावर मात्र राहवलं नाही. तो मुलीला उचलून घेतोय की खिशात हात घालतोय, ते बघायला ती मागे वळली. दारावर ऊन आलं होतं. काचेत समोरची इमारत दिसत होती आणि रस्ता ओलांडणारी माणसं; आतलं काहीच दिसत नव्हतं. रडणं थांबलं होतं, की इथवर ऐकू येत नव्हतं, तेही कळेना.

ती डोळ्यांवर हात धरून थोडा वेळ बघत राहिली. मग सायकलींच्या दुकानाच्या दिशेने चालू लागली.