एक टिंब आणि चार उद्गारचिन्हं

मोनालीचं अंगावरचं दूध तोडलं, ते साल दोन हजार आठ. पोरगी आईचा पदर सोडून आजीच्या, सत्यशीलाच्या, कुशीत झोपायला शिकली, आणि नेमकी त्याच हिवाळ्यात बिऱ्हाड हलवायची बोलणी निघाली.

सत्यशीलाचा मुलगा रवी वणीच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. अर्ध्या शिवारात लोकांनी सोयाबीन टाकलं होतं. उरलेला कापूस गाड्यांनी यायचा तो ऑटोने यायला लागला, आणि जिनिंगची यंत्रं जेमतेम गरम होऊन पुन्हा गार पडायची. पुढच्या हंगामाचा भरवसा धरू नका, असं मालकाने सांगून टाकलं. रवीच्या एका दोस्ताने पुण्याहून निरोप धाडला, इकडं कारखान्यात जागा आहे, बायको-पोरीला घेऊनच ये.

रवीची बायको उर्वशी उमरखेडची, पॉलिटेक्निक शिकलेली. वणीतल्या एका कॉलेजला कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत सहायक हवा होता. तिने अर्ज केला. प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन माणूस निवडणार होते. ती जागा मिळाली तर सगळे इथंच, वणीजवळच्या राजूरला, राहणार, नाही मिळाली तर संक्रांत झाली की तिघंही पुण्याला. मोनालीला मांडीवर घेतलं की सत्यशीला संक्रांतीला किती दिवस उरले ते बोटांवर मोजायची.

उर्वशीचा भाऊ संघदीप याने एक जुना कॉम्प्युटर उमरखेडहून एसटीने, मांडीवर धरून आणून दिला. त्यात कॉम्प्युटरची जाळी जोडायचा सराव करायचं एक सॉफ्टवेअर घालून दिलं. पहिल्या दिवशी सासू आणि सासरा दोघंही पडद्यापुढं येऊन बसले.

"हा पाहा आत्याबाई, हा राऊटर," उर्वशी सासूला म्हणाली.

"कुठं हाये?"

"हा काय, निळा डबा. आणि हा स्विच. स्विच एका वस्तीतली घरं जोडते, राऊटर ह्या गावाले त्या गावाशी जोडते."

"पण हे तं चित्र हाये."

"चित्रच हाये. खरा आणायची आपली ऐपत हाये का? पण हा वागते खऱ्यासारखा. ह्याच्यावर हात बसला का खऱ्यावर बसते."

उकंडा, म्हणजे सासरा, सगळी उमर कोळशाच्या खाणीत काढून नुकताच घरी बसला होता. तो म्हणाला, "आमाले खाणीत उतरवलं तवा कोनी चित्रातली खाण दाखवली नाई बापा."

"दाखवली असती तं कान तरी वाचले असते," सत्यशीला म्हणाली.

"काय म्हणलं?"

"काई नाई."

सुरुंगाच्या आवाजाने उकंडाचे कान कामातून गेले होते. तो मात्र ते कबूल करत नसे.

उर्वशीने पडद्यावर दोन राऊटर मांडले. एकाचं नाव ठेवलं राजूर, दुसऱ्याचं उमरखेड. दोघांमध्ये तार ओढली. तारेच्या दोन्ही टोकांना लाल टिकल्या उमटल्या. मग ती इंग्रजीत काहीबाही टाईप करू लागली आणि टाईप करता करता सासूला समजावू लागली. राऊटरचं दार आधी बंद असतं. ते उघडायला 'उघड' असं सांगून चालत नाही, 'बंद नको' असं सांगावं लागतं.

"हे तं उलटं बोलणं झालं," सत्यशीला म्हणाली.

"तुझ्या आत्याबाईसारखं," उकंडा म्हणाला. हे बरं त्याला ऐकू आलं होतं!

टिकल्या हिरव्या झाल्या. उर्वशी म्हणाली, "आता ह्या गावाहून त्या गावाले पाच हाका मारायच्या. ओ आली का एक उद्गारचिन्ह उमटते. नाई आली का टिंब."

सत्यशीला पुढं सरकली. तिला इंग्रजी येत नव्हतं. अक्षरओळख तिला पोराच्या लग्नाच्या थोडं आधी झाली, विहारात संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग भरायचा तिथं. बाराखडी झाल्यावर गुरुजींनी चिन्हं शिकवली होती. खाली टिंब आणि वर काठी, हे चिन्ह तिने पाटीवर कितीदा तरी गिरवलं होतं.

"अवं, हे तं आमच्या वर्गातलं हाये! 'अहो'च्या पुढं येते थे."

"इंग्रजीतही थेच हाये, आत्याबाई."

आपल्याला येणारी एक खूण ह्या परक्या पडद्यावरही चालते, ह्याचं तिला फार अप्रूप वाटलं. त्या दिवसापासून भाजी निवडायला ती कॉम्प्युटरपाशीच बसू लागली.

अडचण निघाली ती वेगळीच. उर्वशी सगळं नीट जुळवायची, हाका मारायची, आणि पडद्यावर यायचं आधी एक टिंब, मग चार उद्गारचिन्हं. दर खेपेला पहिली हाक वाया. उर्वशीला वाटे, आपलंच काहीतरी चुकलं. ती सगळं पुसून पहिल्यापासून मांडायची. मांडता मांडता लाईन जायची. भारनियमनाचे दिवस होते ते. कॉम्प्युटर चालू होऊन हात बसतो न बसतो तोवर घर अंधारात. मग ती कणीक मळता मळता आज्ञा तोंडपाठ म्हणायची, आणि मोनाली तिच्यामागून बोबडं बोलत म्हणायची.

"चार तं आल्या ना?" रवी एकदा म्हणाला.

"चार म्हणजे ऐंशी टक्के. सर म्हणतीन, वीस टक्के कुठं सांडले?"

संघदीपला फोन लावला. तो घाईत होता. "ताई, पहिली पत्ता विचारण्यात जाते. तसंच असते थे," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. पुस्तकातही तेच लिहिलं होतं. उर्वशीने ते वाचलं, तिला कळलंही, पण मनाला पटेना. तसंच असतं म्हणजे काय? नीट केलेलं काम नीटच दिसायला पाहिजे, अशी तिची समजूत होती.

असं चाललं असताना एक दिवस उकंडा परसात तुरीच्या शेंगा तोडत बसला होता. सत्यशीलाने चुलीपासून हाक दिली, "अवो, चहा झाला!"

उकंडाने मान वर केली. भिंतीकडं पाहिलं, कोंबडीकडं पाहिलं, मग दाराकडं.

"अवो, चहा!"

"आलो."

उर्वशी कॉम्प्युटरपाशी डोक्याला हात लावून बसली होती. ती एकदम उठून दारात आली. "आत्याबाई, पुन्हा हाक मारा."

"काहून? येऊन राह्यले ना थे."

"मारा तं खरं."

"अवो!"

"अवं आलो म्हणलं ना! कितीदा बोंबलशीन?"

उर्वशी हसत सुटली. आत पळाली आणि काहीही न पुसता, काहीही न बदलता त्याच हाका पुन्हा मारल्या. टिंब नव्हतं. पाचही उद्गारचिन्हं ओळीने उभी होती.

"मामाजीसारखंच हाये हे," सासऱ्याकडं बोट करून ती सासूला सांगू लागली. "पहिल्या हाकेले कोण बोलावते, कुठून बोलावते, हे पाहण्यात वेळ जाते. एकदा का दार सापडलं, का मग लगेच ओ."

उकंडा बशीत चहा ओतत म्हणाला, "मी बहिरा नाई. हाक कोनाची हाये थे पायतो, मंग ओ देतो. शाहणा माणूस असाच करते."

परीक्षेच्या दिवशी रवीला जिनिंगवर बोलावणं होतं, म्हणून सत्यशीलाच मोनालीला कडेवर घेऊन उर्वशीबरोबर काळीपिवळी जीपने वणीला गेली. कॉलेजच्या व्हरांड्यात बाकडं होतं. प्रयोगशाळेची खिडकी उघडी होती आणि उर्वशीचा पडदा खिडकीकडं तोंड करून होता. परीक्षा घेणारे साकेत सर यवतमाळच्या नोकरदार घरातले, तरुण, शर्ट खोचलेले. ते पेपर समजावून टेबलांमधून फिरू लागले. दोन खोल्यांची जाळी जोडून दाखवायची होती. सात-आठ उमेदवार असतील.

सत्यशीलाने मोनालीच्या हातात बिस्कीट दिलं आणि नजर पडद्यावर लावली. लाल टिकल्या आल्या. हिरव्या झाल्या. उर्वशीने हाका सोडल्या.

टिंब उमटलं.

घरी हे टिंब सत्यशीलाने शंभरदा पाहिलं होतं, पण त्या घडीला तिला विहारातला वर्ग आठवला. टिंब म्हणजे पूर्णविराम. टिंब आलं की वाक्य संपलं. तिच्या डोळ्यांपुढं पुण्याची गाडीच उभी राहिली. मागून चार उद्गारचिन्हं आली, तरी ती गाडी हलेना. शेजारच्या टेबलावरच्या पोरालाही टिंबच आलं होतं. तो घाबरून सगळं पुसायला लागला होता.

साकेत सर उर्वशीच्या पाठीशी येऊन थांबले. "मॅडम, एक गेलं की. पाचातले चारच. वेळ आहे अजून, पुसून पुन्हा करायचं का?"

उर्वशीचा हात माउसवर गेला. बाहेर सत्यशीलाने मोनालीला इतकं घट्ट धरलं की पोरगी कुरकुरली. उर्वशीने हात मागे घेतला.

"नाही सर. पुसण्यासारखं काही नाही."

"मग हे टिंब?"

"ती पहिली हाक आहे सर. राऊटरला समोरच्याचा नंबर माहीत असतो, पण तो कोणत्या दाराशी उभा आहे ते माहीत नसतं. ते विचारण्यात पहिली हाक जाते. आमचे मामाजी असेच आहेत." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

"म्हणजे?"

आता मागे फिरता येत नव्हतं. "त्यांना कमी ऐकू येतं सर. पहिल्या हाकेला मान वर करतात, दुसरीला ओ देतात. तिसरी मारली की चिडतात."

प्रयोगशाळेत हशा पिकला. पुसत बसलेला पोरगाही थांबून हसला. साकेत सर हसले नाहीत, पण त्यांचे डोळे हसत होते. "दाखवा बरं, चिडतात का."

उर्वशीने तीच आज्ञा पुन्हा दिली. पाच उद्गारचिन्हं.

"चिडले," सर म्हणाले. "पण एक लक्षात ठेवा. मुलांना शिकवताना मामाजींचं नाव एआरपी सांगा. पुस्तकात ह्या पत्ता विचारण्याला तेच नाव आहे."

बाकीचं सत्यशीलाला काही कळलं नाही. 'मुलांना शिकवताना' हे दोन शब्द मात्र तिने नीट ऐकले आणि बाकड्यावर टेकून बसली. मोनालीने अर्धं बिस्कीट तिच्या तोंडात कोंबलं, ते तिने खाऊन टाकलं.

पुढच्या आठवड्यात कॉलेजचा फोन आला. रवीने पुण्याच्या दोस्ताला येत नाही म्हणून कळवलं आणि राजूरच्या एका कोळशाचे ट्रक तोलायच्या काट्यावर दुरुस्तीचं काम धरलं. जिनिंगएवढं मन रमत नव्हतं त्याचं तिथं. पण संध्याकाळी तो घरी असायचा, आणि सत्यशीलाला एवढं पुष्कळ होतं. उकंडा जो भेटेल त्याला सांगायचा, सुनेले नोकरी माझ्या कानाच्या भरवशावर लागली.

उर्वशी दर वर्षी नव्या पोरांना पहिल्याच तासाला मामाजींची गोष्ट सांगायची. पोरं वणीच्या बाजारात उकंडाला ओळखायला लागली. "जयभीम, एआरपी मामाजी!" असं कोणी म्हटलं की तो मान वर करून इकडंतिकडं पाहायचा, आणि मग मोठ्याने "जयभीम!" म्हणून हात जोडायचा. आपल्याला असं काहून म्हणतात, ते त्याने सुनेला कधी विचारलं नाही. काहीतरी मानाचं असेल, असं त्याने धरून घेतलं होतं.

उकंडा दोन हजार बारा साली, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, राजूरच्या घरीच वारला.