मीठ जरासं कमी

गोपाळराव भोयरांनी नागपूरच्या धंतोलीतलं राहतं घर विकलं, तेव्हा त्याच्याबरोबर मीही विकला गेलो. मी त्यांचा भाडेकरू. समोरच्या खोलीत एकटा राहणारा आणि शाळेत गणित शिकवणारा. कायद्यानं मला हलवता येत नव्हतं, म्हणून घर घेऊन तिथे दवाखाना काढणाऱ्या डॉक्टरांनी खिडक्यादारांबरोबर मलाही ठेवून घेतलं.

घर विकायला कारण धंतोलीच. जिकडे पाहावं तिकडे दवाखाने. विदर्भात कुठेही कुणाचं पोट दुखलं की पेशंट दवाखान्याच्या खाटेवर आणि बरोबरची सात माणसं गोपाळरावांच्या अंगणात. साळ्याच्या मेव्हण्याचा चुलतसासरा असला तरी तो आपलाच माणूस. गोपाळरावांच्या बायकोनं, इंदुताईंनी, तीस वर्षं या जत्रेला रांधून घातलं. दवाखान्यात डबा, घरी पंगत. आणि प्रत्येक पाहुणा हात धुताना न चुकता म्हणायचा, "भाजी मस्त होती वहिनी. मीठ जरासं कमी होतं." माझं डोकं फिरायचं. फुकटचं गिळायचं आणि वर नावं ठेवायची!

शहात्तर साली गोपाळराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी जाहीर केलं, की आता घर विकायचं आणि उरलेलं आयुष्य फिरत राहायचं. काशी-रामेश्वर नव्हे, नातेवाइकांकडे. आधी भिवापूर, मग उमरेड, वणी, आर्वी. विदर्भ संपला की पुन्हा पहिल्यापासून.

"तुम्हाला पटतं का हे?" मी इंदुताईंना विचारलं.

"मलेच तं सुचलं, मास्तर. एकदा कोणाच्या घरी आयत्या पानावर बसाचं हाय. जेवाचं, अन् म्हणाचं, मीठ जरासं कमी हाय. बस. मंग मेली तरी चालन."

एवढ्यासाठी घर विकणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पण मला तिचं शंभर टक्के पटलं.

पुढचं सगळं मला गोपाळरावांकडून कळत गेलं. ते पेन्शन घ्यायला दर महिन्याला नागपूरला येत आणि माझ्या खोलीत बसून रडगाणं गात.

भिवापूरला ते दोघं पोचले, तर त्यांचा चुलतभाऊ धोंडबा सासूला घोंगडीत गुंडाळून, गाठोडी बांधून ओसरीत तयार.

"बरं झालं वहिनी, तुम्ही आल्या. म्हातारीच्या पोटात गोळा हाय. आम्ही तुमच्याकडेच निघून राहिलो होतो."

"भाऊजी, घर इकलं आम्ही."

"इकलं?" धोंडबा मटकन खाली बसला. "आमाले न विचारता? काहून? मंग आम्ही उतराचं कुठं?"

त्याचंही खरंच होतं. त्याच्या बायकोची चारही बाळंतपणं त्या घरात झाली होती. थोडा वेळ तो डोळे पुसत बसला, मग उठून म्हणाला, "आता आल्याच हा तं म्हशी सांभाळा. मिरची तोडाले बाया येतीन, त्याईले दुपारचं जेवू घाला." आणि सगळं कुटुंब एसटीत चढलं. ते माझ्या खोलीत उतरलं, हे सांगायला नकोच. इकडे इंदुताईंनी भिवापूरची चूल पेटवली. तोडणीवाल्या बाया जेवल्या आणि म्हणाल्या, मीठ जरासं कमी हाय.

मग ही बातमी त्यांच्या पुढे धावू लागली. घर सांभाळायला आयती वहिनी येऊन राहिली! म्हशी कोण पाहील म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं दुखणी अंगावर काढली होती, त्यांनी ऑपरेशनच्या तारखा धरल्या. उमरेडचा हर्निया निघाला, आर्वीचा मोतीबिंदू निघाला. इंदुताई एका दारातून आत, यजमान दुसऱ्या दारातून धंतोलीला.

"मास्तर, या महिन्यात सगळे पेशंट वणीचेच कसे?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"इंदुताई सध्या वणीत आहेत," मी म्हणालो. त्यांना काही कळलं नाही. पण दुसऱ्या वर्षी त्यांनी घरावर माडी चढवली.

आणि एके दुपारी दारात रिक्षा थांबली. गोपाळरावांनी इंदुताईंना धरून उतरवलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट दाबलं, जीभ पाहिली.

"काय होतं?"

"काही नाही होत. मले भरती व्हाचं हाय."

"पण आजार काय?"

"उभं राहाचा कंटाळा आला."

डॉक्टर भला माणूस. त्यांनी रिकामी होती ती खाट दिली. ती खाट इंदुताईंच्याच जुन्या स्वयंपाकघरात होती, नेमकी चुलीच्या जागी. इंदुताई आडव्या झाल्या आणि छताकडे पाहत राहिल्या. त्यांच्याच धुरानं काळं झालेलं ते छत आता पांढरं होतं.

पेशंटचा डबा घरून यायचा, हा धंतोलीचा रिवाज. आणि यांना घर कुठलं? खाटेभोवती जमलेली नातेवाईक मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. आजवर प्रत्येकाचा डबा याच जागेवरून निघाला होता, आणि आता तिथेच पेशंट झोपला होता. सासूला तपासायला घेऊन आलेला धोंडबा शेवटी माझ्याकडे वळला.

"मास्तर, तुमचा स्टो पेटते का?"

त्यानं जन्मात पहिल्यांदा वांगं चिरलं. पोळ्या मी लाटल्या, त्याबद्दल न बोललेलं बरं. मला राहवलं नाही, मी इंदुताईंची इच्छा त्याला फाडकन सांगून टाकली. तो चपापला.

"म्हंजे नाव ठेवतीन?"

त्यानं मूठभर मीठ टाकलं. मग आणखी एक मूठ टाकली. मी चाखून पाहिलं, तर नुसती कडूजहर. पण दुसरं करायला वेळ नव्हता, वांगीही नव्हती.

इंदुताई खाटेवर मांडी घालून बसल्या. धोंडबानं ताट वाढलं. गोपाळराव पाण्याचा पेला धरून उभे. सगळी वणी, सगळी आर्वी दारात गोळा झाली. इंदुताईंनी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दुसरा घेतला.

"भाजी मस्त झाली, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मीठ जरासं कमी हाय."

मला हुंदका आला, खोटं कशाला सांगू. धोंडबा तोंड उघडं टाकून बघत राहिला. मग उठला आणि माझ्या खोलीतून मिठाची वाटी घेऊन आला.

इंदुताईंनी त्यातली चिमूटभर वरून घेतली आणि सावकाश ताट संपवलं.